पोलिसांची गाडी, वाटसरूचा दावा: खानदेशच्या रस्त्यावरून सरकारी जबाबदारीचा इतिहास

आज आपण एक साधा प्रश्न घेऊन बसणार आहोत. समजा, धुळ्याहून जळगावकडे येणाऱ्या महामार्गावर, पारोळा आणि एरंडोलच्या मध्ये कुठेतरी, पोलिसांच्या गाडीने एका सायकलस्वाराला उडवलं. माणूस जागीच गेला. घरच्यांनी भरपाई कुणाकडे मागायची?

एसटीने धडक दिली तर महामंडळ, ट्रकने दिली तर मालक आणि विमा कंपनी, हे आता खेड्यापाड्यातही ठाऊक असतं. पण गाडी पोलिसांची निघाली की बोलणाऱ्याचा आवाज खाली येतो. ‘सरकारवर कुठं केस होते का?’ असं म्हणून अर्धे लोक तिथेच थांबतात. कायद्याचं उत्तर आज स्पष्ट आहे: होते. पण इतकं स्पष्ट उत्तर यायला शंभराहून अधिक वर्षं गेली, आणि त्या वर्षांचा इतिहास आपल्याला नीट माहीत नसतो. म्हणून लोक अजूनही १८६१ सालात असल्यासारखे वागतात. तो इतिहास आज आपण बघू.

सुरुवात आपल्या मातीपासून करू. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. कॅप्टन ब्रिग्ज इथला पहिला इंग्रज कारभारी, त्याने धुळ्यात ठाणं मांडलं. १८२५ मध्ये आउट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. ही पलटण धड फौजही नव्हती आणि आजच्या अर्थाने पोलीसही नव्हती. डोंगरातले नाईक आणि त्यांचे लोक यांना काबूत ठेवायचं, आग्रा रोडवरची वाहतूक सुरक्षित ठेवायची, हे तिचं काम. मुद्दा हा की खानदेशात पोलीस आले ते राज्य म्हणून आले. त्यांच्याविरुद्ध नुकसानभरपाई मागायची ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात येण्यासारखी नव्हती. पुढे १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले, जळगाव आणि धुळे ही दोन मुख्यालयं झाली, तरी ही समजूत बदलली नाही. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती पोलिसांच्या गोळीबारात पडले. त्याचा हिशेब कुणी दिवाणी कोर्टात मागितला नाही, मागता येण्यासारखाही नव्हता. राज्य गोळी घालतं तेव्हा ते राज्य असतं.

पण राज्य गाडी चालवतं तेव्हा? आपला सगळा विषय या एका प्रश्नात आहे.

गंमत बघा, भारतातला सरकारी जबाबदारीचा पहिला मोठा खटला रस्त्यावरच्या अपघाताचाच होता. कलकत्त्याला खिदिरपूरच्या सरकारी गोदीतले मजूर एक जड लोखंडी तुकडा रस्त्यावरून नेत होते. मागून पेनिन्सुलर अँड ओरिएंटल कंपनीची घोडागाडी आली, मजूर गडबडले, लोखंड खाली पडलं, आवाजाने घोडे बिथरले आणि एक घोडा जखमी झाला. कंपनीने सरकारवर ३५० रुपयांचा दावा लावला. १८६१ मध्ये सर बार्न्स पीकॉक यांनी निकाल दिला की सरकारला पैसे द्यावे लागतील. का? तर ज्या कामात सरकार कुठल्याही खासगी माणसासारखा धंदा करतं, तिथे त्याची जबाबदारीही खासगी माणसासारखीच. मात्र जी कामं फक्त राजसत्ताच करू शकते, त्यांच्याबद्दल दावा चालणार नाही.

म्हणजे घोड्याला न्याय मिळाला, पण त्याच निकालाने एक भिंतही उभी राहिली. भिंतीच्या अलीकडे गोदी, पलीकडे फौज. आणि पोलीस कुठे? पलीकडे. ते स्पष्ट लिहायचीही कुणाला गरज वाटली नाही.

दुसरी भिंत प्रक्रियेची. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८० सांगतं की सरकारवर किंवा सरकारी अधिकाऱ्यावर त्याच्या कामाबद्दल दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची लेखी नोटीस द्या. ही अट किती कडक, हे ठरवणारा निकाल आपल्या शेजारून गेलेला आहे. एप्रिल १९२१ मध्ये खिलाफतीच्या काळात मालेगावला मोठा दंगा झाला, पोलीस फौजदार मारला गेला. मालेगाव नाशिक जिल्ह्यात असलं तरी आग्रा रोडवर धुळ्याच्या दाराशीच आहे. दंग्याच्या भरपाईचा बोजा सरकारने १८९० च्या मुंबई जिल्हा पोलीस कायद्याखाली गावकऱ्यांवर टाकला. काही रहिवासी कोर्टात गेले, पण दोन महिने थांबले नाहीत, कारण वसुली तर दारात उभी होती. प्रकरण थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचलं. भागचंद दगडूसा विरुद्ध सेक्रेटरी ऑफ स्टेट, निकाल १९२७. कौन्सिलने सांगितलं, नोटिशीचं कलम सक्तीचं आहे, त्याला अपवाद नाही, मनाई हुकूम मागायचा असला तरी नाही. पुढे १९७६ च्या दुरुस्तीने तातडीच्या कामासाठी कोर्टाच्या परवानगीची वाट उघडली, पण मधली जवळपास पन्नास वर्षं देशभरातल्या कोर्टांत हाच निकाल पुढे केला जात होता.

आता मोटारी आल्या. १९३९ चा मोटार वाहन कायदा आला आणि त्यातलं सक्तीच्या विम्याचं प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झालं. दुसऱ्याला इजा झाली तर पैसे देणारा कुणीतरी असलाच पाहिजे, हा त्यामागचा विचार. पण ज्या सरकारी गाड्या व्यापारी कामाला लावलेल्या नाहीत, त्यांना विम्यातून सूट. पोलिसांची जीप, कलेक्टरची जीप, सगळ्या सुटल्या. ही सूट १९८८ च्या नव्या कायद्याच्या कलम १४६ मध्येही आली. तिचा अर्थ समजून घ्या. ट्रकवाल्याच्या मागे विमा कंपनी असते, तिच्याकडे तडजोडीचे अधिकार असलेला अधिकारी असतो. पोलिसांच्या गाडीमागे असतं खुद्द शासन, आणि शासनाचा पैसा सोडायचा तर फाईल फिरते. तडजोडी का अडतात, त्याचं मूळ इथे आहे.

१९५६ च्या दुरुस्तीने मात्र एक मोठं काम केलं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणं आली. जिल्ह्यात सहसा जिल्हा न्यायाधीशच त्याचे सदस्य असतात. दिवाणी दाव्याचा लवाजमा नाही, अर्ज करायचा. आणि हा अर्ज म्हणजे ‘दावा’ नव्हे, म्हणून कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीसही लागत नाही. मालेगावच्या निकालाने बंद केलेला दरवाजा अपघातग्रस्तांपुरता इथे बाजूने उघडला.

पहिली भिंत अजून उभीच होती. तिला पहिला तडा गेला राजस्थानात. ११ फेब्रुवारी १९५२, उदयपूर. कलेक्टरची जीप दुरुस्तीहून परत आणताना चालकाने पायी जाणाऱ्या माणसाला धडक दिली, तीन दिवसांनी तो दवाखान्यात वारला. विधवा विद्यावती आणि तिची लहान मुलगी कोर्टात गेल्या. राजस्थान सरकार म्हणालं, जीप कलेक्टरच्या सरकारी कामाची आहे, हे राजसत्तेचं काम. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये हे फेटाळलं आणि १५,००० रुपयांची भरपाई कायम ठेवली. सरन्यायाधीश सिन्हा यांच्या म्हणण्याचा आशय असा: राजा चूक करत नाही ही इंग्लंडची जुनी कल्पना, प्रजासत्ताकात तिला काय जागा?

मंडळी, इथेच गोष्ट संपायला हवी होती. पण दोनच वर्षांनी उलटा फेरा आला, आणि तो आणला एका मराठी न्यायमूर्तींनी. कस्तुरीलाल खटला. अमृतसरच्या एका सराफी पेढीचा भागीदार सप्टेंबर १९४७ मध्ये मेरठला पोलिसांनी संशयावरून पकडला. त्याच्याकडचं शंभर तोळ्यांहून जास्त सोनं मालखान्यात जमा केलं. ते सोनं घेऊन हेड कॉन्स्टेबल पाकिस्तानात पळाला. सरळ दिसतं ना, की सरकारने सोन्याची किंमत भरावी? सरन्यायाधीश गजेंद्रगडकर सातारचे, कामगार कायद्यात सामान्य माणसाच्या बाजूने उभे राहिलेले. तरी १९६४ च्या निकालात त्यांनी दावा फेटाळला. अटक करणं, झडती घेणं, माल जप्त करणं हे पोलिसांचे कायद्याने दिलेले अधिकार, म्हणून राजसत्तेचं काम. उदयपूरची जीप वेगळी, ती वर्कशॉपमधून येत होती. मात्र ही स्थिती समाधानकारक नाही, विधिमंडळाने कायदा करावा, असंही त्यांनी त्याच निकालात नोंदवलं. विधी आयोगाने तर आपल्या पहिल्याच अहवालात, १९५६ मध्ये, हेच सुचवलं होतं. १९६५ आणि १९६७ मध्ये विधेयकं आली, पण कायदा झाला नाही. आजही नाही.

आता या दोन निकालांच्या मध्ये पोलिसांची गाडी ठेवून बघा. गाडी गॅरेजमधून येत होती? मग विद्यावती. गाडी बंदोबस्ताला, गस्तीला, आरोपी पकडायला चालली होती? मग सरकारी वकील म्हणणार, कस्तुरीलाल. म्हणजे ज्याला धडक बसली, त्याचं नशीब गाडी कुठून कुठे चालली होती यावर अवलंबून. मेलेल्या माणसाच्या बायकोने हे कुठून सिद्ध करायचं? स्टेशन डायरी आणि गाडीचं लॉगबुक तर पोलिसांच्याच कपाटात.

हा पेच संसदेने सोडवला नाही. तो न्यायाधिकरणांनी आणि उच्च न्यायालयांनी एकेका प्रकरणात सोडवत नेला. लष्करी ट्रक कोळसा नेत होता, लष्करी गाडी खेळाडूंना नेत होती, ही कसली राजसत्ता, असं म्हणत कक्षा अरुंद होत गेली. १९८० च्या दशकात पुष्पा ठाकूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी नोकराच्या हयगयीने मोटार अपघात झाला असेल तर राजसत्तेच्या संरक्षणाचा प्रश्नच येत नाही. १९९४ मध्ये नागेंद्र राव प्रकरणात कस्तुरीलालचा आधार आणखी आकसला. आणि १९९५ मध्ये आपल्याच राज्याचं प्रकरण, महाराष्ट्र शासन विरुद्ध कांचनमाला शिर्के. सरकारी जीपचा नेमलेला चालक दारू प्यालेला, म्हणून सरकारी कामाला निघालेल्या कारकुनाने चाक हातात घेतलं आणि अपघात झाला. शासन म्हणालं, कारकुनाला गाडी चालवायला आम्ही सांगितलं नव्हतं. न्यायालय म्हणालं, काम सरकारी होतं, गाडी सरकारी होती, जबाबदारी सरकारची. २००८ च्या दीपा देवी निकालाने पुढची पायरी गाठली. निवडणुकीसाठी सरकारने ताब्यात घेतलेल्या खासगी गाडीने अपघात केला तर त्या वेळेपुरतं मालक सरकार.

लाठीमारात जखमी झालेल्याला याच काळात ‘राजसत्तेचं काम’ म्हणून भरपाई नाकारली गेली, ओरिसा उच्च न्यायालयाचा १९७५ चा पद्मलोचन निकाल तसाच आहे. कोठडीतल्या मृत्यूसाठी १९९३ च्या नीलाबती बेहरा निकालाने रिट याचिकेची वेगळी वाट काढली. म्हणजे पोलिसांच्या काठीचा आणि कोठडीचा हिशेब वेगळ्या दारी, गाडीचा हिशेब अपघात न्यायाधिकरणाच्या दारी. ही विभागणी पक्की झाली, म्हणून आज धुळ्याच्या किंवा जळगावच्या कोर्टात अर्जदाराच्या वकिलाला राजसत्तेवर पानंच्या पानं खर्च करावी लागत नाहीत.

तर आता पैशांकडे येऊ. तडजोड कशाची होते, हे आकड्यांतूनच कळतं. समजा मयत ३४ वर्षांचा, केळीच्या बागेत मजुरीला जाणारा, महिना १०,००० रुपये मिळवणारा. मागे बायको, दोन मुलं, आई. २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालांनी हिशेब बांधून दिलाय. वय ४० च्या आत आणि पगारी कायम नोकरी नाही, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरायचे: महिना १४,०००, वर्षाला १,६८,०००. अवलंबून माणसं चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा: १,२६,०००. या वयाला गुणक १६. झाले २०,१६,०००. वर अंत्यविधी, मालमत्ता आणि सहवास यांच्या ठरावीक रकमा, आणि अर्जाच्या तारखेपासून व्याज.

हे गणित ठरलेलं आहे, म्हणूनच तडजोड शक्य होते. दोन्ही बाजूंना माहीत असतं की कोर्ट साधारण कुठे पोचेल. भांडण उरतं ते उत्पन्नाच्या पुराव्यावर आणि चूक कुणाची यावर. मजुराकडे पगाराची पावती नसते. सामनेवाले म्हणतात, सायकलला मागे दिवा नव्हता, अर्धी चूक त्याचीच. मग लोकअदालतीत २० लाखांचे १४ लाख होतात.

लोकअदालतीचा कायदा १९८७ चा, अंमल ९ नोव्हेंबर १९९५ पासून. तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. कुटुंबाच्या दृष्टीने हा मोठा फायदा. कारण न्यायाधिकरणाने निकाल दिला तर शासन ९० दिवसांत उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी औरंगाबाद खंडपीठात, अपील करू शकतं. हे खंडपीठ ऑगस्ट १९८१ मध्ये सुरू झालं, त्याआधी मुंबई गाठावी लागायची. पण खंडपीठ जवळ आलं म्हणून अपील लवकर निघतं असं नाही. मुलगा शाळेत असताना केलेला अर्ज त्याच्या लग्नापर्यंत चालतो, हे या भागात कुणाला नवल नाही.

मात्र लोकअदालतीची मर्यादाही लक्षात ठेवा. २००८ मध्ये पंजाब शासन विरुद्ध जालोर सिंग या प्रकरणात, तेही सरकारी बसच्या अपघाताचंच, सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की लोकअदालत निकाल देऊ शकत नाही, ती फक्त झालेली तडजोड नोंदवू शकते. दोघांचीही राजी हवी. समोर खाकी कपड्यातले अधिकारी, मध्ये पॅनेल, अलीकडे पदर सावरून बसलेली बाई. तिची ‘राजी’ किती खरी, हे बघणं पॅनेलचं काम आहे आणि तिच्या वकिलाचंही. अल्पवयीन मुलांच्या वाट्याबद्दल तर कोर्टाची परवानगी लागते. ती रक्कम बँकेत मुदत ठेवीत ठेवायचा दंडक १९९४ च्या सुसम्मा थॉमस निकालापासून आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि आम्हाला वाटतं तोच सर्वांत नाजूक. राजसत्तेची भिंत पडली, पण कागद कोण लिहितो? फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, सगळं पोलीस लिहितात. ‘आपले ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात चालवून’ हे वाक्य ट्रकवाल्याविरुद्ध सहज उमटतं. आपल्याच खात्याच्या चालकाविरुद्ध तितक्याच सहज उमटतं का? साक्षीदार अहिराणीत सांगतो, शिरपूरकडे पावरीत सांगतो, आणि लिहिणारा कचेरीच्या मराठीत लिहितो. मधल्या भाषांतरात गाडीचा वेग कमी होऊ शकतो आणि सायकल रस्त्याच्या मध्ये येऊ शकते. न्यायाधिकरणात फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं कुठे झुकतं ते पाहतात. तरी पारड्यात टाकायला काहीतरी हवंच.

२०१९ च्या दुरुस्तीने यात नवं वळण आलं. ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. आता पोलिसांनी अपघाताचा अहवाल तीन महिन्यांत न्यायाधिकरणाला द्यायचा आणि न्यायाधिकरणाने त्यालाच भरपाईचा अर्ज समजायचा. डिसेंबर २०२२ च्या गोहर मोहम्मद निकालाने याच्या अंमलाचे तपशीलवार आदेश दिले. शंभर वर्षांपूर्वी ज्यांच्याविरुद्ध दावाच नव्हता, तेच आज कायद्याने पीडिताचा अर्ज पाठवायला बांधलेले आहेत, स्वतःच्या गाडीविरुद्धसुद्धा. कागदावर हा बदल फार मोठा आहे. पण त्याच दुरुस्तीने, १९९४ मध्ये काढून टाकलेली सहा महिन्यांची मुदतही परत आणली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय, पण त्या भरवशावर कुणी थांबू नये. अहवाल गेला नाही आणि कुटुंबही ‘सरकारवर कुठं केस होते’ म्हणत गप्प बसलं, तर विद्यावतीने उघडलेला दरवाजा नुसता उशीर झाला म्हणून बंद होऊ शकतो.

म्हणून इतिहास माहीत असावा लागतो.

आता एक-दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न: पोलीस घरी जाताना स्वतःच्या मोटारसायकलवर असेल आणि अपघात झाला तर?

तर तो त्या वेळी इतर कुठल्याही गाडीमालकासारखाच. गाडी त्याची, विमा त्याच्या गाडीचा, अर्ज त्याच्याविरुद्ध आणि विमा कंपनीविरुद्ध. गणवेश अंगात असल्याने शासन आपोआप मालक होत नाही. प्रश्न गाडी कुणाची आणि काम कुणाचं, हा असतो.

प्रश्न: अपघात नाशिकजवळ झाला आणि कुटुंब चोपड्याचं असेल, तर नाशिकला खेटे घालायचे का?

नाही. १९९४ च्या दुरुस्तीपासून अर्जदार जिथे राहतो, तिथल्या न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो. म्हणजे चोपड्याच्या माणसाला जळगाव जिल्ह्यातच अर्ज करता येईल. सामनेवाल्यांत गाडीचा चालक आणि महाराष्ट्र शासन असतंच, ज्या जिल्ह्याची गाडी तिथल्या पोलीस अधीक्षकांनाही पक्षकार करतात. आणि जाण्याआधी दोन कागद हातात घ्या: फिर्यादीची प्रत आणि घटनास्थळाच्या पंचनाम्याची प्रत. फिर्यादीची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, तो हक्क आहे, उपकार नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असतं. तिथे स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आज इथेच थांबू.